तांबड्याच्या पायातली कडी

आंबापाड्यात कोंबड्या नसलेलं घर शोधून सापडलं नसतं. पाहुणा आला, कापली. देवाचं काही निघालं, कापली. मीठ-मिरची संपली, पाय बांधून खांडबाऱ्याच्या बाजारात नेली. कोंबडी म्हणजे दारात चालती-फिरती थैली, आणि थैलीवर कोणी जीव लावत नाही, निदान चारचौघांत तरी लावत नाही. फुलीबाई लावायची, आणि चारचौघांत लावायची. तिच्या घरची कोंबडी कापली जायची, विकलीही जायची. पण तोवर तिचं नाव असायचं, सवयी असायच्या आणि रुसवेसुद्धा असायचे.

तिचा दिवस माणसांच्या आधी कोंबड्यांपासून सुरू व्हायचा. वारुळावर आदल्या सांजेला शेण आणि पेंढा भरलेलं मडकं पालथं घालून ठेवायचं, उजाडताना ते उचलायचं. आत पांढरी वाळवी वळवळत असायची. मडकं पिलांपुढे आपटलं की पिलं अशी तुटून पडायची की फुलीबाई उकिडवी बसून तोंडाला पदर लावून हसायची. कोंबडी अंड्यांवर बसवायची तर टोपलीत राख, राखेवर पेंढा, आणि पेंढ्यात एक कोळसा नि एक खिळा. ढग गडगडले की अंडी नासतात, कोळसा-लोखंड असलं की नासत नाहीत. पाड्यातल्या बायका हे सगळं करायच्या. पण वीज चमकली की भर पावसात उठून टोपलीवर घोंगडी टाकायला एकटी फुलीबाईच धावायची. त्या घोंगडीखाली तिचा नवरा दलसिंग निजलेला असे, ही गोष्ट तिच्या ध्यानात उशिरा यायची.

"माले कधी इचारत नही भूक लागनी का," दलसिंग म्हणायचा. "कोंबड्यास्ले आगोदर इचारस."

"तू बोलीसन मांगस. त्यास्ले बोलता येत नही."

 खरं तर दलसिंगही जंगलात लाकडं तोडून आला की आधी खुराड्याकडेच बघायचा. पण ते तो कबूल करत नसे.

या खुराड्यात एक कोंबडी मानाची होती. काळी, जाड, संथ चालणारी, डाव्या पायात तांब्याची बारीक कडी घातलेली. तिचं नाव शेठाणी.

ती कडी कशी आली, ते असं. खांडबाऱ्यात उमेदमल शेठचं धान्या-किराण्याचं दुकान होतं. घर जैनाचं, मूळचं मारवाडातलं; मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली बघून चालणारं. शेठची बायको जडावबाई. तिची लेक छोटीबाई शहाद्याला सासरी बाळंतपणात अडली, तेव्हा जडावबाईने एका जिवाला अभय द्यायचा बोल दिला. छोटीबाई सुटली, बाळही वाचलं. मग पर्युषणात जडावबाई बाजारात आली आणि तोंडाला पदर लावून फुलीबाईच्या डालग्यातली काळी तलंग, कोवळी कोंबडी, तिने विकत घेतली.

"काय करशी इन्हं?" फुलीबाईने विचारलं.

"सोडी देसु. रानमा जाई."

"रानमा? सांजले कोल्हा खाई जाई, माय. तुन्हं पुण्य कोल्ह्याना पोटमा."

जडावबाई विचारात पडली. घरी कोंबडी नेणं शक्यच नव्हतं. सासू अन्न सोडून बसली असती. शेवटी ती म्हणाली, "मंग तूच सांभाळ. दाणा मी देसु. पन कापानं नही, इकानं नही. म्हतारी व्हयनी तरी नही."

"नि अंडा?" मागून दलसिंगने विचारलं.

जडावबाईने दोन्ही कानांवर हात ठेवले. "अंडानी गोट माले कोनी सांगू नका."

जडावबाईने करवून आणलेली अमरपणाची कडी काळीच्या पायात पडली. उमेदमल शेठने गल्ल्यावर बसून या व्यवहाराचा मनातल्या मनात हिशेब मांडला आणि गिऱ्हाइकांना ऐकवला, "माल इकत लिधा, इकणारीलेच परत दिधा, आनि वरथीन दर सालले ज्वारी. असा धंदा मन्हा बापनी बी कया नही." पण ज्वारी त्याने दर साली मोजून दिली, आणि मापाला कधी अंगठा लावला नाही.

हे सगळं सुखाचं होतं. कष्ट होते ते घरात.

फुलीबाईचा मुलगा जामसिंग, त्याची बायको कालीबाई. दोन वेळा पोट आलं आणि दोन्ही वेळा गेलं. दुसऱ्या वेळी कालीबाई कित्येक दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा फुलीबाईने देवमोगऱ्याच्या मायला मानता, म्हणजे नवस, बोलली: पोर जितं-जागतं हाती येऊ दे, जत्रेला घरचा कोंबडा घेऊन येईन. नुसता कोंबडा नाही, हाच कोंबडा. तिने वाडग्यातले तांदूळ टाकले, खुराड्यातला एक तांबडा पठ्ठा पुढे येऊन टोचू लागला, आणि तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवून मायला दाखवला. आता तो बदलता येणार नव्हता.

तांबडा कोंबडा दिसायलाही असा झाला की बघत राहावं. मान जाळासारखी, शेपटीत हिरवं-काळं पाणी, तुरा पळसाच्या फुलासारखा. पहाटे तो आरवला की शेजारच्या चुडामणचा कोंबडा ओशाळून गप्प बसायचा. फुलीबाई त्याला कणी जास्त टाकायची आणि त्याच्याकडे फार वेळ बघायचं टाळायची. ज्याला द्यायचा आहे त्याच्यावर किती जीव लावावा, याचं माप तिला सापडत नव्हतं.

दसरा सरला, भात पिवळा पडू लागला, आणि जंगलखात्याचा नवा नाकेदार पाड्यात आला.

जुना नाकेदार यायचा तेव्हा एक कोंबडी न्यायचा आणि तंबाखू मागायचा. नव्याला तंबाखूचं व्यसन नव्हतं, म्हणून तो दोन कोंबड्या न्यायचा. तो ओट्यावर बसला, पाय पसरले, आणि नजर थेट तांबड्यावर गेली.

"काय गं फुले, कोंबडा अस्सल आहे. थंडीत साहेबांचा कॅम्प पडणार आहे. याला चारून ठेव."

"साहेब, तो देवना शे. मानताना."

"देव मोठा की साहेब मोठा?" नाकेदार बरोबरच्या शिपायाकडे बघून हसला. "बारीक झाला तर तुझ्या नवऱ्याची कुऱ्हाड जप्त. मग जंगलात दातांनी लाकडं तोडेल."

रिकाम्या हाती जायला नको म्हणून त्याने त्या दिवसाच्या कोंबड्या मागितल्या. पकडायला दलसिंगलाच लावलं. दलसिंग वाकून, हात पसरून, आपल्याच अंगणात आपल्याच कोंबड्यांमागे धावला. शिपाई हसत होता. कालीबाई दारात उभी होती, सासऱ्याला असं धावताना बघून ती आत गेली. दलसिंगने एक कोंबडी धरली, दुसरी नाकेदाराने स्वतः झडप घालून धरली. ती नेमकी शेठाणी होती. पायातली कडी हाताला लागली तसा तो थांबला.

"ही कोणाची?"

"शेठाणीनी. उमेदमल शेठना घरनी. तिले कापता येत नही," फुलीबाई म्हणाली.

नाकेदाराने कोंबडी अशी खाली ठेवली की जणू ती तापलेली होती. कॅम्पाचं पीठ, तेल, तूप, दिव्याचं रॉकेल उमेदमलच्या गाडीतून यायचं. शेठची गाडी एक दिवस उशिरा आली तर साहेब कोणावर भडकायचा, ते त्याला ठाऊक होतं. त्याने दलसिंगने धरलेली कोंबडी तेवढी उचलली आणि गेला.

फुलीबाई अंगणात उभी राहून कडीकडे बघत होती. दलसिंग धापा टाकत बसला होता. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "काय तरी मनमा शे तुन्हा."

"काही नही," ती म्हणाली. बायका असं म्हणतात तेव्हा बहुतेक सगळं ठरून गेलेलं असतं.

पुढच्या बाजाराला तिने कडी-वाळे विकणाऱ्यापुढे अंड्यांची टोपली ठेवली आणि एक बारीक तांब्याची कडी निवडली. "कोना पायमा घालशी?" त्याने विचारलं. "येणारा पोरना," ती म्हणाली, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. घरी येऊन तिने तांबड्याला मांडीत दाबला, कडी उघडून पायात घातली आणि दगडाने हलकेच आवळली. तांबड्याने तिच्या अंगठ्याला टोचून रक्त काढलं. तिला ते बरंच वाटलं. आपण काही चुकीचं करत असू, तर त्याची फेड तिथल्या तिथे झाली.

गुपित मात्र टिकलं नाही. शेजारचा चुडामण कुंपणावरून बघत होता. दुसऱ्या बाजाराला त्याच्या कोंबड्याच्या पायात कडी आली. मग पलीकडच्या घरात. मग सगळीकडे. ज्यांना कडी जमली नाही त्यांनी रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून वाकवला. एका म्हातारीने तर बदकाच्या पायातही पत्र्याची कडी घातली, आणि ते बदक दिवसभर पाय झटकत फिरलं.

"तुम्ही मन्हं वाटोळं करशात," फुलीबाई चुडामणला म्हणाली.

"तुन्हाच कोंबडा जीव का?" चुडामण म्हणाला. "आमना काय शेणना गोळा शेत?"

नाकेदार पुन्हा आला, अंगणाअंगणातून फिरला, आणि शेवटी मोठ्याने हसला. "काय रे, शेठनं अख्खा पाडा पाळायला घेतला काय?" मग त्याचं हसू आटलं. माणूस लोभी होता, पण खुळा नव्हता. "उद्या शेठाणीलाच इथं आणतो. ती म्हणेल ते तिचं. बाकी सरकारचं. आणि खोटी कडी घातली म्हणून कोणाकोणाच्या कुऱ्हाडी जातात तेही बघू."

त्या सांजेला कोणाच्या घरी नीट चूल पेटली नाही. कालीबाईने भाकरीचा तुकडा मोडून तसाच ठेवला. ती पोटावर हात ठेवून बसली.

"हो म्हन," दलसिंग म्हणाला. "शेठाणीनाच शे म्हन. कोंबडा तरी वाची."

"वाची. पन मंग मायले काय देऊ? अमर कोंबडाले सुरी लावता येत नही."

"नही म्हनशी त नाकेदार लई जाई."

"माले म्हाईत शे," फुलीबाई म्हणाली, आणि भाताच्या कोंड्यात हात घालून नुसती बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी ऊन तापायच्या आत शेठची दमणी, बैलांची हलकी गाडी, पाड्यात आली. पुढे नाकेदार, मागे शिपाई. जडावबाई उतरली ती खाली बघत, मुंग्यांची ओळ ओलांडत. सगळा पाडा फुलीबाईच्या अंगणाभोवती जमला होता. तेवढ्यात खुराड्याशी काहीतरी फडफडलं आणि दलसिंग सवयीने ओरडला, "शेठाणी खुराडामा घुसी गई! काढ तिले बाहेर!"

 दलसिंगला आपण काय बोललो ते उमगलं आणि त्याने जीभ चावली.

"कोन घुसनी?" जडावबाईने विचारलं.

"तुन्ही काळी," फुलीबाई मान खाली घालून म्हणाली. "तिन्हं नाव शेठाणी ठेवं आम्ही."

"मन्हं नाव? का बरं? चालस कशी ती?"

"हळू. पाय देखी देखी."

 "मंग बरोबर शे," जडावबाई म्हणाली, आणि बायकांमध्ये दबलेलं हसू फिरलं.

नाकेदाराला हसायला वेळ नव्हता. त्याने तांबड्याला पकडून आणवलं आणि पाय पुढे केला. "बाई, ही कडी तुमची का? एवढं सांगा."

जडावबाई वाकली. तिने नंदुरबारच्या सोनाराकडून करवून घेतलेली कडी तिला दुरूनही ओळखू आली असती. ही बाजारातली होती, सांध्याला ओबडधोबड. तिने मान वर केली आणि नाकेदाराला नाही, फुलीबाईला विचारलं.

"तू सांग. हाई कडी कोनी?"

फुलीबाईने कालीबाईकडे पाहिलं. दाराच्या चौकटीला धरून ती उभी होती, पोट पुढे, ओठ कोरडे. हो म्हटलं तर कोंबडा मायच्या हातून जात होता. नाही म्हटलं तर नाकेदाराच्या पोटात जात होता. दोन्हीकडून जाणारच असेल तर निदान चोर होऊन जायला नको, असं तिला वाटलं.

"मन्ही," ती म्हणाली. "अंडा दिसन लिधी. कोंबडा मानताना शे. मन्ही सूनना दोन पोरं पोटमाच गयात. तिसराकरता मायले बोलनू. हाऊ लई जाई म्हनीसन तुन्हं नाव वापरं. बठ्ठा पाडानी मन्हं देखीसन कयं. चोरी म्हन पाहिजे तं. पन शेठाणीले मी कधी उपाशी ठेवं नही."

"ऐकलंत ना?" नाकेदार खूश झाला. "आण रे डालगं."

"थांबा." जडावबाई दारापाशी गेली. "कितवा?" तिने कालीबाईला विचारलं.

"आठवा."

जडावबाईने तिच्या पोटाकडे पाहिलं. छोटीबाई अडल्याचं शहाद्याहून बोलावणं आलं तेव्हा जडावबाई अनवाणी गाडीत बसली होती, हे सगळ्या खांडबाऱ्याने पाहिलं होतं. ती वळली तेव्हा तिचा आवाज दुकानात उभ्या राहणाऱ्या बाईचा होता.

"नाकेदारसाहेब, आमच्यात कडी पायात गेली म्हणजे त्या जिवासाठी कोणीतरी बोल दिला. कडी कुठून आणली, ते आम्ही विचारत नाही. ज्यानं घातली त्यानंच काढायची. दुसऱ्या कोणी हात लावला तर त्यानं आधी माझ्या घराशी बोलायचं."

"पण बाकीच्या तर पत्र्याच्या आहेत! त्या बदकाच्या पायात बघा!"

"पत्र्यामुळे जीव लहान होतो का?"

"अहो, ही बाई उद्या स्वतःच कडी काढून कोंबडा कापेल!"

जडावबाईने झटकन दोन्ही कानांवर हात ठेवले. "कापायचं मला विचारता? पर्युषणाचे उपास करणाऱ्या बाईला? तिचं ती नि तिचा देव बघतील. तुम्ही पुढच्या आठवड्याचं तूप किती लागेल तेवढं शेठना कळवा."

नाकेदाराला तुपाचा अर्थ कळला. तो डालगं तिथेच टाकून गेला. त्या हिवाळ्यात साहेबांच्या कॅम्पात दुधी भोपळा फार शिजला, आणि साहेबांना तो मानवला असंही पुढे ऐकू आलं.

दमणीत चढताना जडावबाई फुलीबाईच्या कानाशी म्हणाली, "मन्ही काळी छोटीसाठी. तुन्हा तांबडा हिन्हासाठी. मी राखस, तू देस. माले समजत नही असं नही." मग थोडं थांबून, "पन माले सांगू नको."

पौषात कालीबाई मोकळी झाली. मुलगी झाली, लहानशी, लाल, आणि पहिल्याच दिवशी अशी ओरडली की खुराड्यात गडबड उडाली. दलसिंग म्हणाला, आता घरात दोन तांबडे आरवतात.

माघात जत्रेला पाडा पायी निघाला. तांबडा टोपलीत फुलीबाईच्या डोक्यावर, आणि वाटभर आरवत. ज्या ज्या गावातून गेले तिथले कोंबडे जबाब देत राहिले. देवमोगऱ्याला गर्दीत ती एका बाजूला बसली. कडी काढायची होती. तांबडा अंगाने भरला होता, कडी पायात रुतली होती. दलसिंगने सुरीचं टोक पुढे केलं.

"नको," ती म्हणाली. "ज्यानी घाली, त्यानीच."

तिने थुंकी लावली, नखं मोडली, शेवटी कडीचा सांधा दातात धरला. या खेपेला तांबडा टोचला नाही. ओळखीच्या मांडीत तो डोळे अर्धे मिटून बसला होता, आणि तेच तिला जड गेलं. कडी निघाली. तिने त्याला पुजाऱ्याच्या हातात दिलं आणि नात छातीशी धरली. प्रसाद वाटला तेव्हा तिने आपला वाटा खाल्ला, कारण तो टाकता येत नाही. हाड मात्र कुत्र्यांपुढे टाकलं नाही, मातीत पुरलं.

कडी पदराच्या गाठीत राहिली. पेरणीत, लावणीत, गुडघाभर चिखलात ती गाठ तिला लागत राहिली. रिकामी.

भाद्रपदात पर्युषण आलं तेव्हा फुलीबाई बाजारात ओळीत बसली नाही. ती थेट उमेदमल शेठच्या दुकानाच्या पायरीपाशी उभी राहिली. कडेवर टोपली, टोपलीत एक तांबूस तलंग.

"काय मांगस इन्हं?" शेठने विचारलं.

"काही नही."

शेठने मान वर केली. गल्ल्यावर इतकी वर्षं बसून त्याने हा शब्द फारसा ऐकला नव्हता. "काही नही म्हंजे?"

"शेठाणीना हातमा देवाले आनी. इकाले नही."

"अवं ऐकलं का," शेठने आत हाक मारली, "ये आठे. धंदा आता पुरा उलटा व्हयना."

जडावबाई बाहेर आली. फुलीबाईने तलंग बाहेर काढली. "तांबडानी पोर शे. तो जावाना आगोदरनी अंडा बसाडी व्हती." तलंगेच्या पायात कडी होती. जडावबाईने ती पाहिली. ओबडधोबड सांधा, आणि सांध्यावर दातांच्या खुणा. तांबड्याचं काय झालं ते तिला विचारावं लागलं नाही, आणि फुलीबाईने सांगितलंही नाही.

"कडी रिकामी ठेवू नही असं वाटनं," फुलीबाई म्हणाली. "एक काढी. एक घाली."

 शेठने वही मिटली. मग जडावबाईने हात पुढे केले. काळीला इतकी वर्षं दाणा देऊनही तिने कोंबडीला कधी हात लावला नव्हता.

"पाय खालथीन धर," फुलीबाई म्हणाली. "पंख दाबू नको. हां. अशी."

तलंग तिच्या हातात बसली, मान इकडे-तिकडे करत. जडावबाईने तिच्या छातीखाली बोट टेकवलं. "इन्हं काळीज कितलं पयी ऱ्हायनं," ती हळूच म्हणाली.

"तुन्हं बी," फुलीबाई म्हणाली.

बराच वेळ धरून जडावबाईने तलंग परत टोपलीत ठेवली. "लई जाय. सांभाळ. दाणा शेठ देतीन."

"दोन्हीना?" शेठने विचारलं.

"दोन्हीना. पन इन्हं नाव मी ठेवसु."

"काय?"

"फुली."

उमेदमल शेठ एवढा हसला की रस्त्यावरचे लोक थांबले.  फुलीबाईने टोपली डोक्यावर घेतली आणि वाटेला लागली. पाड्याच्या चढावर येईपर्यंत तिने चेहरा हलू दिला नाही. चढावर कोणी नव्हतं. तिथे तिने टोपली खाली ठेवली, झाकण उचललं आणि तलंगेला नावाने हाक मारून पाहिली.

त्या रात्रीपासून आंबापाड्यात एकाच खुराड्यात शेठाणी आणि फुली शेजारी-शेजारी निजतात. सकाळी दाणे टाकले की शेठाणी पाय बघत बघत येते, आणि तोवर फुलीने अर्धे टोचलेले असतात.